सभात्यागानंतर शमशेरचाचा

चहा बशीत ओतून प्यायचे.

वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचायचे. पहिल्या पानावर येईपर्यंत राग उतरलेला असतो म्हणायचे.

दुकानात जळकी मोटर आली की आधी तिचा वास घ्यायचे. मग गिऱ्हाइकाला बसायला सांगायचे.

समोरच्यानं आवाज चढवला की यांचा खाली जायचा. मग समोरच्याला ऐकायला गप्प बसावं लागायचं.

सरपंचांचं नाव त्यांच्या पाठीमागेही एकेरी घेत नसत. 'आबा' म्हणायचे.

सही करण्याआधी कागद पूर्ण वाचायचे. मग उलटा करून कोरी बाजूही बघायचे.

फोन आला की उभे राहायचे.

सभेत चपला काढून खुर्चीखाली हात घालून पार आत सारायचे. ही सवय नवी होती. ऑगस्टनंतरची.

ते गेले त्याला आज सहा दिवस झाले. आज सतरा ऑक्टोबर. वीस तारखेला पाण्याच्या टाकीचं काम सुरू होणार आहे. मला झोपही येत नाही आणि रडूही. म्हणून लिहिते आहे.

शमशेर तांबोळी. वय अठ्ठावन्न. चिंचदरा गावात मोटर रिवायंडिंगचं दुकान. कर्जतपासून अठरा किलोमीटर. आमच्याकडे विहिरी खोल आणि वीज लहरी, त्यामुळे मोटरी जळत राहतात. सगळ्या पक्षांच्या जळतात. चाचांच्या दुकानात म्हणून सगळं गाव यायचं.

ते ग्रामपंचायतीचे सदस्यही होते. विरोधी बाजूचे. त्या बाजूला गावात 'जुनी पार्टी' म्हणतात. सात वर्षांपूर्वी नऊपैकी आठ सदस्य जुन्या पार्टीचे होते. आता दोन. एक चाचा, दुसऱ्या माळवस्तीच्या राहीबाई. बाकीचे एकेक करून सरपंचांच्या पार्टीत गेले. पार्टीच्या ऑफिसात आता कोंबड्यांचं खाद्य विकतात.

"तुम्ही का नाही गेलात?" मी एकदा विचारलं.

"तिकडं लई गर्दी हाय," ते म्हणाले. "बसायला जागा मिळंना."

मी नगरला एम.ए. केलं. मराठी साहित्य. परत आले आणि शिकवण्या घेऊ लागले. दोन वर्षांपूर्वी चाचा एक कागद घेऊन घरी आले. रोजगार हमीच्या रस्त्याबद्दल लेखी हरकत होती.

"ज्ञानू, तू शिकलेली. जरा भाषा नीट कर."

मी मन लावून केली. 'अत्यंत निंदनीय', 'लोकशाहीला काळिमा फासणारा', 'निर्लज्ज कारभार'. त्यांनी वाचलं. खिशातलं पेन काढलं. एकेक शब्द खोडत गेले. शेवटी चार ओळी उरल्या.

"चाचा, आता यात काहीच उरलं नाही."

"तारीख उरली. रस्त्याची लांबी उरली. निंदनीय हाय का न्हाई ते वाचनारा ठरवंल."

त्या हरकतीवर रस्ता पुन्हा मोजला गेला. तिथून आमची मैत्री. वयात तेहतीस वर्षांचं अंतर. त्यांच्या प्रत्येक हरकतीची शेवटची प्रत मी लिहायची आणि विशेषणं त्यांनी काढायची. आता हे लिहितानाही मी खोडतेच आहे.

टाकीची गोष्ट अशी.

माळवस्तीत त्रेचाळीस घरं आहेत. गावापासून दीड किलोमीटरच्या आत. तिथं नळ नाही. टँकर येतो, तोही फेब्रुवारीनंतर. नव्या योजनेत बैठी टाकी मंजूर झाली. बैठी म्हणजे जमिनीवर बांधायची, उंच खांबांची नव्हे. मूळ आराखड्यात ती माळवस्तीच्या माथ्यावर होती. सरपंच गोरक्षआबांनी ती गावातल्या शाळेजवळ आणायचं ठरवलं. तिथं नव्या प्लॉटांची वसाहत होते आहे. आबांचं म्हणणं, पाणी तिथूनही माळवस्तीला जाईल. राहीबाईंचं म्हणणं, माळ उंचावर आहे, जाणार नाही.

हा विषय पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत होता. शेवटून दुसरा.

आमच्या बाजूची पोरं त्या दिवशी तयारीनं आली होती. त्यांचा म्होरक्या पार्थ. चोवीस वर्षांचा, मोबाईलचं दुकान, पार्टीचा व्हॉट्सअॅप ग्रुप चालवतो. जुनी पार्टी जिवंत आहे असं गावात एकट्या पार्थला वाटायचं. पहिल्या विषयापासूनच तो उठत होता, ओरडत होता. शेवटी सरपंच म्हणाले, "बोलायचं आसंल तर आदबीनं बोला, न्हाईतर बाहेरचा रस्ता मोकळा हाय."

पार्थ म्हणाला, "चाचा, उठा. सभात्याग."

चाचा उठले. साठेक माणसं त्यांच्या मागं उठली. घोषणा झाल्या. मंडपाबाहेर टाळ्या पडल्या. कुणीतरी चाचांना खांद्यावर घेतलं. व्हिडिओ सगळीकडे फिरला. मीही स्टेटसला ठेवला होता.

ग्रामसभेला शंभर माणसं लागतात. साठ उठली तेव्हा आत सत्तरच उरली. सभा तहकूब झाली. पार्थ म्हणाला, आपण सभा पाडली.

पण तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा संख्येची अट नसते.

ती बावीस ऑगस्टला भरली. नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली होती. आमच्यातल्या कुणी पाहिली नाही. त्या सकाळी आम्ही सगळे कर्जतला होतो. तालुक्याच्या पक्षानं चाचांचा सत्कार ठेवला होता. सभात्यागाबद्दल. शाल आणि नारळ. साडेनऊला तिकडे शाल पांघरली जात होती आणि इकडे सतरा माणसांत टाकी शाळेजवळ गेली. अकरा मिनिटं लागली. इतिवृत्तात वेळ लिहिलेली आहे.

परत आलो तेव्हा राहीबाई दुकानासमोर उभ्या होत्या. डोक्यावर रिकामी घागर. मुद्दाम आणली होती.

"शाल लई ऊबदार दिसतीया," त्या म्हणाल्या.

चाचांचा हात शालीच्या टोकाकडे गेला.

"तुमी बाहेर गेलात, भाऊ. आमचं पानी आत राह्यलं. मला तरी इचारायचं. मी बी मेंबर हाय."

त्या गेल्या. चाचांनी शाल काढली, घडी केली, मोटरींच्या टेबलावर ठेवली. मग मला म्हणाले, "नियम मला पाठ हुता, ज्ञानू. पंधरा वर्सं मेंबर हाय मी. टाळ्या ऐकल्या आन् इसरलो."

मी म्हणाले, "पार्थनं—"

"पार्थनं उठा म्हनलं. पाय माझेच हुते."

सप्टेंबरभर ते माळवस्तीत फिरले. दुकान पाचला बंद करून. मी बरोबर जायचे. प्रत्येक दारात एकच वाक्य बोलायचे. "पंधरा ऑगस्टला मी सभेतून उठलो, ती माझी चूक झाली. दोन ऑक्टोबरच्या सभेला या. आन् शेवटपातुर बसा."

सोपं नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या घरी साळूबाई भेटल्या. सत्तरीच्या. अंगणात शेरडाला पाला घालत होत्या. चाचांचं ऐकून घेतलं.

"मंग आता काय, तुमची माफी हंड्यात भरू?"

"न्हाई मावशी. सभेला या."

"येऊन काय करू? घोषना पिऊ?"

"बसा निस्त्या. उठू नका."

"बसायचे किती देता?" त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. चाचाही हसले. दारातून निघताना मात्र त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. वाटेत दगडावर बसले. छातीवर हात होता. मी विचारलं तर म्हणाले, चढ आहे.

तेव्हा मी काही केलं नाही. माझ्या लक्षातच आलं नाही.

पार्थ चिडला होता. एके संध्याकाळी दुकानात आला, उभ्या उभ्याच बोलला.

"चाचा, विरोधी पक्षानं माफी मागितली की तो पक्ष संपला. समोरचे स्क्रीनशॉट फिरवतायत. 'तांबोळी दारोदार.' पोरं सोडून चाललीत ग्रुप."

"किती गेली?"

"अकरा."

"माळवस्तीतनं एकवीस मानसं येतो म्हनलीत."

"ती पार्टीची नाहीत."

"मंग पार्टी कुनाची हाय?" चाचांनी विचारलं. चेष्टेनं नाही. खरोखर उत्तर हवं असल्यासारखं.

पार्थ दाराकडे वळला. पण गेला नाही. खाली बसला. मग म्हणाला, "तुमचं नाव शमशेर कुणी ठेवलं हो?"

"आज्जीनं. तिला दिसायचं कमी."

दोन ऑक्टोबर. सभा शाळेच्या पटांगणात. मी मागं उभी राहून माणसं मोजली. एकशे अठरा. त्यांतली चाळीस पार्थची, बत्तीस माळवस्तीची. साळूबाई पहिल्या रांगेत मांडी घालून बसल्या होत्या.

आमचा अर्ज एकच होता. टाकीच्या जागेचा फेरविचार करावा. सरपंचांनी तो सगळ्यात शेवटी टाकला. आयत्या वेळच्या विषयांत. म्हणजे तोपर्यंत आम्ही शंभर माणसं उन्हात बसवून ठेवायची. चाळीस उठली की संपलं. पुन्हा तहकूब, पुन्हा सतरा माणसं, पुन्हा अकरा मिनिटं. हे आम्हाला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं.

चिडवण्याला दुसऱ्या विषयापासूनच सुरुवात झाली. सरपंचांच्या बाजूला ओम नावाचा दूध डेअरीवाला असतो. तोंडाचा फटकळ.

"चाचा, आज शाल न्हाई आनली?"

हशा झाला.

"धुवायला टाकलीय, ओमशेठ."

"नाव शमशेर आन् म्यानातनं कवा निघतच न्हाई!"

"तुमच्याच डेअरीचं तूप लावून ठेवलीय. सटकती हातातनं."

आता दोन्हीकडून हसले. सरपंचही हसले. मला वाटलं, निभेल.

साडेअकरा वाजले. बारा वाजले. माळवस्तीच्या दोन बायका पोरांना घेऊन उठल्या. एकशे सोळा. पार्थचे तिघं पाणी प्यायला गेले ते आलेच नाहीत. एकशे तेरा. मी बोटांवर मोजत होते. ग्रामसेवकही मान वर करून मोजत होता.

राहीबाई शौचालयांच्या विषयावर बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा ओम पुन्हा बोलला. राहीबाईंना नाही. चाचांना.

"तुमच्या गल्लीत नळ हाय न्हवं? मंग माळवस्तीच्या पान्यात तुमचं काय? तुमी तुमच्या लोकांचं बघा की."

तुमच्या लोकांचं.

या वर्षभरात आमच्या जिल्ह्यात असं वाक्य कुठं जाऊन थांबतं ते सगळ्यांना माहीत आहे. तांबोळी गल्लीतली चार-पाच माणसं उजव्या बाजूला बसली होती. त्यांनी खाली बघितलं.

पार्थ उठला. त्याच्या मागं पोरं उठू लागली. खुर्च्या सरकल्या. ग्रामसेवकाचं पेन थांबलं. सरपंचांनी ओमकडे बघितलं. त्यांनाही ते वाक्य आवडलं नसावं. पण ते काही बोलले नाहीत. पोरं बाहेर गेली तर त्यांचं काम होत होतं.

चाचा उभे राहिले. मला वाटलं, झालं. हेही निघाले.

ते ओमकडे वळलेच नाहीत.

"पार्थ, बस."

"चाचा, ऐकलंत ना काय म्हणाला?"

"ऐकलं. बस."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं. म्हनूनच बस म्हनतोय."

पार्थनं ओमकडे बघितलं. मग तो बसला. एकेक करून पोरं बसली.

चाचा म्हणाले, "ओमशेठ, माझ्या लोकांचंच बघायला आलोय. बत्तीस हुती. दोघी पोरं रडाया लागली म्हनून गेल्या. तीस हाईत. ती बघा, पुढं बसलीत."

साळूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "व्हय, आमी त्येंचीच." आणि ओमकडे बघून, "दूध पातळ झालंय तुझं, त्ये बघ आधी."

ओम मागच्या रांगेत जाऊन बसला.

आमचा विषय आला तेव्हा पाऊण वाजला होता. एकशे सात माणसं होती. सरपंचांच्या हातात कागद होता. त्यावर काय असणार ते आम्हाला माहीत होतं. जुनी पार्टी सभेतून पळाली, आता कशाला रडते.

चाचांनी त्यांच्या आधी बोलायला परवानगी मागितली.

"पंधरा ऑगस्टला मी सभा सोडून गेलो. मला नियम ठाऊक हुता. माझ्यामुळं सभा तहकूब झाली. आबांनी नंतर सभा घेतली ती कायद्यानं घेतली. नोटीस लावली हुती. मी वाचली न्हाई. चूक माझी हाय. ही प्रोसिडिंगात लिव्हा."

ग्रामसेवक म्हणाला, "असं लिहीत नाहीत, चाचा."

"आजपासनं लिव्हा."

सरपंचांनी हातातला कागद बघितला. दुमडला. खिशात ठेवला. मग म्हणाले, "बरं. ते झालं. पर जागा बरोबर हाय, शमशेरभाई. शाळा उंचावर हाय. माळवस्तीला पानी आपसूक जाईल. मी उगं बोलत न्हाई."

राहीबाई म्हणाल्या, "माळ म्हंजी वर, आबा. शाळा कशी वर?"

"डोळ्याला तसं दिसतं. मधी ओढा हाय म्हनून."

दोन्हीकडून आवाज सुरू झाले. चाचा पुन्हा उभे राहिले.

"आबा बरोबर असतील," ते म्हणाले.

पार्थनं कपाळाला हात लावला.

"मला ठाऊक न्हाई. राहीबाईंना बी ठाऊक न्हाई. पानीपुरवठ्याच्या साहेबांनी जागेवर येऊन मोजल्याचं कागदात कुठं न्हाई. आपन मोजू. शाळा उंच निघाली तर पुढच्या सभेत मी सवता उभं राहून सांगीन की आबा बरोबर हुते. माळ उंच निघाला तर टाकी माघारी न्यायची. कबूल?"

सरपंचांनी माणसांकडे बघितलं. दोन तास उन्हात बसलेली माणसं होती. उठून जात नव्हती.

"कबूल. पर वीस तारखेला ठेकेदार येतोय. वीसच्या आत मोजायचं. आन् माझा मानूस संगं राहील."

ठराव लिहिला गेला. हात वर झाले. त्यांच्या बाजूचेही सात हात वर होते. मी मोजले.

घरी येताना मी चाचांना म्हणाले, "जिंकलो."

"काय जिंकलो? अजून मोजलं कुठं?"

पाच तारखेपासून मोजणी सुरू झाली. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी, पन्नास फुटी. आत पाणी. नळीच्या दोन टोकांत पाणी एकाच पातळीला थांबतं. मागच्या खुंटीवरच्या रेघेला एका टोकाचं पाणी जुळवायचं. पुढच्या खुंटीवर दुसऱ्या टोकाचं पाणी थांबेल तिथं रेघ मारायची. मग रेघेपासून जमिनीपर्यंत टेपनं मोजायचं. रेघ फार वर किंवा फार खाली गेली की त्याच खुंटीवर नवी रेघ मारून फरक वहीत मांडायचा. जमीन चढली की उतरली ते कळतं. शाळेपासून माळवस्तीपर्यंत साडेतीन हजार फूट. चाळीस फुटांवर एक खुंटी. अठ्ठ्याऐंशी खुंट्या.

मागचं टोक मी धरायचे. पुढचं चाचा. सरपंचांचा माणूस म्हणजे ग्रामपंचायतीचा शिपाई अजिनाथ. तो टेप धरायचा आणि रोजच्या कागदावर सही करायचा. सकाळी सहा ते साडेआठ. रोज दहा-अकरा खुंट्या. मी पाणी रेघेला लावून "हां" म्हणायचे. तिकडून चाचा रेघ मारून "हां" म्हणायचे. मग पुढं.

तिसऱ्या दिवशी आकडे बिघडू लागले. आमच्या दृष्टीनं. जमीन सारखी उतरत होती. तिसाव्या खुंटीवर ती शाळेपेक्षा अकरा फूट खाली होती. ओढा अजून पुढं होता. तिथून माळ चढतो. पण तो अकरा फूट आणि वर चढेल का, ते नजरेला कळत नव्हतं. राहीबाई रोज येऊन विचारायच्या, "किती?" चाचा खरा आकडा सांगायचे. राहीबाई ऐकून माघारी जायच्या.

चौथ्या दिवशी पार्थ आला. मोटरसायकल बांधावर लावली. अजिनाथ लांब होता.

"चाचा, थांबवा आता. साहेब येऊन मोजतील म्हणा. तोवर स्टे आणू."

"का?"

"आबा बरोबर निघाले तर? तुम्ही सभेत उभं राहून सांगणार?"

"तसं ठरलंय."

"म्हणजे राहीबाईंना पाणीही नाही आणि पार्टीला तोंडही नाही."

"आबा बरोबर असले तर राहीबाईंना पानी येतंय, पार्थ. शाळेजवळनं येऊ दे न्हाईतर चंद्रावरनं. आपल्याला पानी पाहिजे का आबा चुकीचे पाहिजेत?"

पार्थ खुंटीकडे बघत होता. एक लाथ मारली असती तर ती हलली असती. पुढचे सगळे आकडे हलले असते. त्याच्या मनात ते आलं होतं. मला दिसलं. चाचांनाही दिसलं असणार.

ते म्हणाले, "हातोडी दे जरा इकडं."

पार्थनं हातोडी दिली. मग निघून गेला. मागं वळून बघितलं नाही.

दहा तारखेपर्यंत एकसष्ट खुंट्या झाल्या. ओढा ओलांडला होता. एकसष्टाव्याला जमीन शाळेपेक्षा सव्वासात फूट खाली. म्हणजे चढ लागला होता. पुढं सत्तावीस खुंट्या. चाचांनी वहीत आकडा लिहिला, वही मिटली. म्हणाले, "आता कुनीच खात्रीनं बोलू नये, असं झालंय. मला हे आवडलं."

अकरा तारखेला सकाळी ऊन लवकर आलं. मी एकसष्टाव्या खुंटीशी उकिडवी बसले होते. नळीचं टोक रेघेला लावलं होतं. चाचा चाळीस फूट वर. त्यांनी खुंटी ठोकली. आठ-दहा घाव ऐकू आले. मग त्यांनी आपलं टोक खुंटीला धरलं. पाणी वरखाली झालं, स्थिर झालं. रेघेला बरोबर लागलं.

मी "हां" म्हणाले.

तिकडून "हां" आलं नाही.

मला वाटलं, पेन शोधत असतील. पाणी रेघेवर होतं. मी हलले नाही. हललं तर पुन्हा जुळवावं लागतं.

मग माझ्याकडचं पाणी एकदम खाली गेलं. नळी रिकामी होत गेली.

मी वर बघितलं. अजिनाथ त्यांच्या अंगावर वाकला होता. ओरडत होता. काय ओरडत होता ते मला ऐकू येत नव्हतं. नळीचं दुसरं टोक उतारावर पडलं होतं आणि त्यातून पाणी वाहत माझ्याकडे येत होतं.

कर्जतला पोचायच्या आधीच गेले. पार्थनं आणलेल्या गाडीतून नेलं होतं. तो वाटभर बोलत होता. "चाचा, बोला. चाचा, काहीतरी बोला ना." त्यांच्या बायको, सबिहाचाची, मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर दफन झालं. सगळं गाव होतं. माळवस्तीची माणसं चालत आली होती. ओमही होता. रांगेत लागून त्यानं माती दिली. नंतर भिंतीशी एकटा उभा राहिला.

सरपंच माझ्याजवळ आले. मी कब्रस्तानच्या फाटकाबाहेर होते.

"किती झाल्या?" त्यांनी विचारलं.

"एकसष्ट."

त्यांनी बोटांवर उरलेले दिवस मोजले. "ठेकेदार वीसला येतोय, ज्ञानू. ठराव वीसचाच हाय. मला थांबवता यायचं न्हाई."

"माहीत आहे."

"न्हाई, म्हंजी..." ते म्हणाले. मग म्हणाले, "अजिनाथला धाडू का सकाळी?"

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. नंतर मोजायला गेलेही नाही. पार्थ रोज मेसेज करतो. 'उद्या?' एवढाच शब्द. मी तो वाचते. राहीबाई संध्याकाळी ओढ्याकडे जातात, शेरडांनी खुंट्या पाडू नयेत म्हणून. साळूबाईंनी कुणाकडून तरी निरोप दिला, पोरीला म्हणावं जेव.

सहा दिवस झाले. तीन उरले.

ओढ्यापलीकडच्या चढावर एकसष्टावी खुंटी आहे. तिच्यावर त्यांच्या हातची रेघ आहे. तिच्यापुढं चाळीस फुटांवर बासष्टावी आहे. ती घट्ट ठोकलेली आहे. तिच्यावर रेघ नाही.